उशिरा ऐकू येणारा आपलाच आवाज

२०२० सालच्या टाळेबंदीत ज्या शाळांनी मोबाइलवर वर्ग भरवले, त्यांपैकी बऱ्याच शाळांनी पहिल्या आठवड्यात एक प्रयोग नकळत करून पाहिला असेल. तो म्हणजे सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणण्याचा. आमच्या शाळेतही तो झाला. चाळीस घरांत बसलेली चाळीस मुले एका वेळी म्हणू लागली आणि दुसऱ्या ओळीपर्यंत नुसता गलका झाला. नवल म्हणजे प्रार्थना केवळ विस्कटली नाही, ती मंद मंद होत गेली. जो तो दुसऱ्याच्या आवाजासाठी थांबत होता आणि तो दुसराही पहिल्यासाठी थांबलेला होता. अखेर संगीताच्या बाईंनी सर्वांचे माइक बंद करायला लावले आणि त्या एकट्याच म्हणाल्या.

हा इंटरनेटच्या संथपणाचा दोष असे म्हणून आम्ही विषय सोडून दिला. पण पुढे शाळा भरू लागल्यावर तोच प्रकार इंटरनेटचा काहीही संबंध नसताना घडला. एका स्पर्धेसाठी गाण्याचे ध्वनिमुद्रण करून पाठवायचे होते. संगणक-खोलीतल्या लॅपटॉपवर तबल्याचा ठेका आधी भरून घेतला होता. आठवीतली एक मुलगी कानाला हेडफोन लावून त्या ठेक्यावर गाऊ लागली. तिचा स्वतःचा आवाजही माइकमधून लॅपटॉपमध्ये जाऊन, तेथून फिरून, तिच्याच कानात येत होता. एरवी समेवर नेमकी येणारी ही मुलगी त्या दिवशी प्रत्येक आवर्तनात मागे पडू लागली. चौथ्या प्रयत्नानंतर "हिची लय कच्ची आहे, दुसरी कोणी पाहू" असा निर्णय झाला. मुलगी रडवेली होऊन वर्गात गेली. खोटे कशाला सांगू, त्या वेळी मलाही तो निर्णय योग्यच वाटला होता.

चूक मुलीची नव्हती, लॅपटॉपची होती. किती होती, हेही नंतर मोजता आले. पण मोजलेला आकडा मोठा की लहान हे ठरवायला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: आवाजाला किती उशीर झाला म्हणजे तो माणसाला नडतो? या प्रश्नाला जवळजवळ चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले आहे.

आपण शिक्षक मंडळी याचे एक उत्तर वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. मूळ ध्वनी आणि प्रतिध्वनी वेगळे ऐकू यायचे तर त्यांच्यात निदान ०.१ सेकंदाचे अंतर हवे, म्हणून भिंत निदान १७ मीटर दूर हवी. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते ऐकणाऱ्यापुरते आहे. गाणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे गणित निराळे असते, ते आपल्या पुस्तकात नाही.

प्रारंभ फ्रान्समधल्या मारँ मेर्सेन या धर्मगुरूपासून करू. गणित आणि संगीत दोन्हींत रस असलेल्या या गृहस्थाने १६३६ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ध्वनीचा वेग मोजण्याच्या रीती दिल्या आहेत. त्यांतली एक फार गोड आहे. साधारण एका सेकंदात म्हणून होईल असे सात अक्षरांचे लॅटिन वचन घ्यायचे आणि भिंतीसमोर ते म्हणत म्हणत योग्य जागा शोधायची. वचन संपते न संपते तोच प्रतिध्वनी सुरू झाला, की ध्वनीला जाऊन यायला एक सेकंद लागला. अंतर मोजा, दुप्पट करा. या रीतीने आलेला वेग आजच्या आकड्यापेक्षा थोडाच कमी होता. तोफेची ज्योत पाहून आवाजापर्यंतचा वेळ मोजण्याच्या त्याच्या दुसऱ्या रीतीने तो बराच जास्त आला होता. तोफांनी खात्रीचे मोजमाप व्हायला १७३८ साल उजाडले. त्या वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने रात्रीच्या वेळी दूर अंतरावर तोफा उडवून ध्वनीचा वेग ठरवला, तो शून्य अंश तापमानाला सुमारे ३३२ मीटर प्रतिसेकंद येतो.

मेर्सेनची रीत शाळेच्या पटांगणात सहज करून पाहता येते, फक्त वचनाऐवजी टाळ्या वापराव्यात. मोठ्या भिंतीपासून ५० मीटरवर उभे राहा. अशा लयीत टाळ्या वाजवा की प्रत्येक प्रतिध्वनी बरोबर दोन टाळ्यांच्या मध्यावर पडेल. दहा टाळ्यांचे अंतर घड्याळाने मोजा. पहिली टाळी 'शून्य' म्हणायला विसरू नका. सुमारे ५.८ सेकंद येतील. त्याला दहाने भागून निम्मे केले की १०० मीटरच्या प्रवासाचा वेळ मिळतो: ०.२९ सेकंद. मुलांना यात फार मजा येते, कारण येथे घड्याळापेक्षा लयीचे काम अधिक असते आणि ज्या मुलांना एरवी विज्ञान नकोसे वाटते त्यांच्यातले काही या प्रयोगात सर्वांच्या पुढे असतात.

या वेगाचा एक सोपा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. ध्वनीला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे 'ताबडतोब' असे कोणीच काही ऐकत नाही. तबलजीला स्वतःची थाप सुमारे दोन मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. त्याच्यापासून दीड मीटरवर बसलेल्या गायकाला ती साडेचार मिलिसेकंदांनी ऐकू येते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात एका टोकाचा वादक दुसऱ्या टोकापासून १५ मीटर दूर असला तर हे अंतर ४४ मिलिसेकंदांचे होते. म्हणूनच तेथे कानापेक्षा संचालकाच्या हातातल्या काठीवर भिस्त असते. प्रकाश वाटेत रेंगाळत नाही.

कान किती उशीर पोटात घालतो, याचा शोध पुढे अमेरिकेत जोसेफ हेन्रीने घेतला. विद्युतचुंबकाच्या प्रकरणात ज्याचे नाव येते तोच हा हेन्री. तो स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख होता आणि संस्थेच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे स्वच्छ ऐकू यावे अशी त्याची इच्छा होती. १८५० च्या दशकात तो एका भिंतीसमोर टाळ्या वाजवत पुढे मागे सरकत राहिला. भिंत सुमारे ३० फुटांपेक्षा जवळ आली की प्रतिध्वनी मूळ टाळीत विरघळतो, असे त्याला आढळले. म्हणजे सेकंदाचा सुमारे सोळावा ते विसावा भाग. आपल्या पुस्तकातल्या ०.१ सेकंदाच्या जवळपास निम्मे झाले हे.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, जर्मनीतील ग्योटिंगेन येथे हेल्मुट हास याने आपल्या प्रबंधासाठी हाच प्रश्न नीट हाती घेतला. भिंतींचे प्रतिध्वनी मध्ये येऊ नयेत म्हणून तो प्रयोगासाठी इमारतीच्या छतावर गेला. दोन ध्वनिक्षेपकांतून तेच बोलणे ऐकवायचे, फक्त एकातून किंचित उशिरा. हा उशीर ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ऐकणाऱ्याला दुसऱ्या ध्वनिक्षेपकाचे अस्तित्वच कळत नाही. उशिराचा आवाज मूळच्यापेक्षा मोठा असला तरी सगळे बोलणे पहिल्याच ध्वनिक्षेपकातून आल्यासारखे वाटते. मोठ्या सभांच्या मंडपात मागच्या ध्वनिक्षेपकांना मुद्दाम उशीर देतात तो याच तत्त्वावर.

येथवरच्या शोधांवरून असे वाटेल, की कान हा मोठा दयाळू परीक्षक आहे. तीस-चाळीस मिलिसेकंद तो सहज माफ करतो. पण हे सर्व प्रयोग गप्प बसून ऐकणाऱ्यांवर झाले होते. आपलाच आवाज आपल्यालाच उशिरा ऐकवला तर काय होते, हे कळायला टेपरेकॉर्डर यावा लागला.

टेपरेकॉर्डरमध्ये ध्वनी लिहिणारे आणि वाचणारे डोके वेगवेगळे असे. फीत आधी लिहिणाऱ्या डोक्यावरून जाते, मग थोड्या अंतरावरच्या वाचणाऱ्या डोक्यावरून. दोघांत पाच सेंटिमीटर अंतर आणि फितीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर असे धरले, तर लिहिलेला आवाज १३० मिलिसेकंदांनी वाचला जातो. वाचणाऱ्या डोक्याला हेडफोन जोडून कोणी बोलू लागला की त्याला स्वतःचे शब्द तेवढ्या उशिराने ऐकू येतात. अमेरिकेतील बर्नार्ड ली याने १९५० मध्ये याविषयी लिहिले. चांगला बोलणारा माणूस अडखळू लागतो, अक्षरे दोनदा उच्चारतो, बोलण्याचा वेग मंदावतो, आवाज चढतो. लीने याला 'कृत्रिम तोतरेपणा' असेच नाव दिले. पुढच्या प्रयोगांत दिसले की प्रौढ माणसांना सर्वांत जास्त त्रास सुमारे २०० मिलिसेकंदांच्या उशिराने होतो. बहिरेपणाचे सोंग ओळखण्यासाठी डॉक्टरांनी या युक्तीचा उपयोग केला, कारण ज्याला खरेच ऐकू येत नाही तो अडखळत नाही. आणि गंमत अशी, की जे मुळात तोतरे बोलतात त्यांच्यातल्या काहींचे बोलणे याच युक्तीने सुधारते.

आमची आठवीतली मुलगी नेमकी याच खुर्चीत बसली होती. फरक इतकाच, की तिच्यापुढे टेपरेकॉर्डर नव्हता आणि तिच्यावर प्रयोग चालू आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

संगीतकारांना ही अडचण लीच्या शोधासाठी थांबून राहिली नव्हती. गिटारवादक लेस पॉल याला स्वतःच्याच वादनावर पुन्हा स्वतः वाजवून थरावर थर चढवायचे होते. १९४९ मध्ये हाती आलेल्या अँपेक्स यंत्रात त्याने एक जादा वाचणारे डोके बसवून घेतले. जुना आवाज पुसला जाण्यापूर्वीच ते वाचे आणि नव्या वादनाबरोबर तो पुन्हा फितीवर लिहिला जाई. युक्ती नामी, पण एक चूक झाली की आधीचे सर्व थर वाया. पुढे अँपेक्सच्याच अभियंत्यांनी, रॉस स्नायडर त्यांत प्रमुख, अधिक सरळ मार्ग काढला. एका फितीवर अनेक पट्टे असतील तर ज्या पट्ट्यावर आता लिहायचे नाही तो पट्टा वाचायचे काम लिहिणाऱ्या डोक्यालाच द्यायचे. अशा वाचनात आवाज थोडा मंद येतो. पण डोके तेच असल्यामुळे उशीर शून्य होतो. या पद्धतीचे पहिले आठ पट्ट्यांचे यंत्र १९५७ मध्ये लेस पॉलकडेच गेले. वादकाला चांगला आवाज उशिरा मिळण्यापेक्षा साधा आवाज वेळेवर मिळणे जास्त मोलाचे असते, हे येथे प्रथम यंत्राच्या रचनेतच मान्य झाले. हा मुद्दा पुढे लॅपटॉपच्या वेळी पुन्हा येणार आहे.

याच सुमारास दूरध्वनीवाल्यांपुढेही उशिराचा प्रश्न उभा राहिला. १९६५ मध्ये 'अर्ली बर्ड' हा भूस्थिर उपग्रह अटलांटिकवर स्थिरावला. भूस्थिर कक्षा ३५,७८६ किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही सुमारे पाव सेकंद लागतो आणि समोरच्याचे उत्तर यायला आणखी पाव. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. परदेशी असलेल्या नातेवाइकांशी त्या काळात बोललेल्यांना दोन गोष्टी आठवत असतील: दोघांनी एकदम बोलणे व एकदम थांबणे, आणि आपलेच शब्द परत कानावर येणे. यातल्या दुसऱ्या त्रासावर बेल प्रयोगशाळेत इलाज निघाला. येणाऱ्या आवाजावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीचा अंदाज बांधायचा आणि तो वजा करायचा. १९६७ मध्ये हे काम प्रसिद्ध करणारे मनमोहन सोंधी मूळचे भारतातले. मोबाइलवरच्या आजच्या बोलण्यातही त्याच कल्पनेचे वंशज काम करीत असतात. पण वजाबाकीने प्रतिध्वनी जातो, उशीर जात नाही. साध्या संभाषणासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतो असे दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत धरले आहे. बोलण्याला तेवढे पुरते. गाण्याला नाही.

आता संगणकाकडे वळू. १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज याने संगणकाकडून १७ सेकंदांचा संगीताचा तुकडा वाजवून घेतला. 'वाजवून घेतला' हा शब्द जरा सैल आहे. गणित करणारा आयबीएमचा संगणक न्यूयॉर्क शहरात होता आणि आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत. आकडे चुंबकीय फितीवर भरायचे, फीत मोटारीतून न्यायची, मग आवाज ऐकायचा. उशीर मिलिसेकंदांत नव्हे, तासांत मोजावा असा. संगणक पुढे हजारो पटींनी वेगवान झाले, पण हा उशीर त्या प्रमाणात कमी झाला नाही. याचे कारण समजून घेणे म्हणजेच लॅपटॉपसाठी ऑडिओ इंटरफेस कसा निवडावा हे समजून घेणे होय.

अंकीय ध्वनी म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या पद्धतीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. (हा विचित्र आकडा कोठून आला? सुरुवातीला हे नमुने व्हिडिओ फितीवर साठवीत. दर ओळीत ३ नमुने, एका क्षेत्रात वापरायच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रे. गुणाकार करून पाहा.) म्हणजे दर २३ मायक्रोसेकंदांना एक नमुना येणार. संगणकाला तर शंभर कामे असतात: पडदा रंगवणे, कळफलक पाहणे, वाय-फायची चौकशी करणे. प्रत्येक नमुन्यासाठी त्याला बोलावले तर तो दुसरे काहीच करू शकणार नाही.

आपल्याकडे नळाचे पाणी दिवसातून एकदा येते, तेव्हा आपण काय करतो? पिंप भरून ठेवतो. नळ केव्हा येईल आणि आपल्याला तांब्या केव्हा लागेल यांचा मेळ नसतो, तो पिंप घालते. संगणकातही असेच पिंप असते, त्याला बफर म्हणतात. आत येणारे नमुने एका पिंपात साठतात, ते भरले की संगणक उचलून नेतो. बाहेर जाणारे दुसऱ्या पिंपात भरून ठेवतो. पिंप मोठे असले की निश्चिंती असते, पण वापरायला मिळते ते शिळे पाणी. पिंप लहान ठेवले तर पाणी ताजे मिळते, मात्र संगणकाला यायला जरा उशीर झाला की ते रिकामे पडते आणि आवाजात 'टक्' असा खंड ऐकू येतो. हिशेब साधा आहे: १,०२४ नमुन्यांचे पिंप म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ चे ५.८, ६४ चे दीड. येताना एक आणि जाताना एक म्हणून दुप्पट धरायचे.

१९९० च्या दशकात विंडोजची ध्वनियोजना झाली ती खेळ, घंटा आणि चित्रफिती वाजवण्यासाठी. चित्रफीत अर्धा सेकंद उशिरा सुरू झाली तर कोणाचे काय बिघडते? म्हणून तेथे पिंपे मोठमोठी होती आणि त्यावर वेगवेगळ्या कार्यक्रमांचे आवाज मिसळणारा एक जादा थर होता. दशकाच्या शेवटी आलेल्या आवृत्त्यांत त्या थरातच सुमारे ३० मिलिसेकंद जात. १९९७ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने हा सगळा घाट वगळून थेट यंत्राशी बोलण्याची सोय काढली. तिचे नाव एएसआयओ. स्टाइनबर्गने ती इतर कंपन्यांनाही वापरू दिली, म्हणून ती टिकली. अ‍ॅपलने नव्या शतकाच्या आरंभी आपल्या संगणकांची ध्वनियोजनाच कमी उशिराची केली आणि लिनक्सवर पॉल डेव्हिस यांनी लिहिलेल्या 'जॅक' या कार्यक्रमाने तेच साधले.

लॅपटॉपवाल्यांचे दुखणे आणखी वेगळे होते. टेबलावरच्या संगणकात ध्वनीचे कार्ड थेट आत खोचता येई. लॅपटॉपला ती जागाच नव्हती, बाहेरून वायरनेच जोडावे लागे. पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदाला १ कोटी २० लाख बिट आणि तिची गाडी दर मिलिसेकंदाला एकदा सुटणारी. दोन मार्गिकांना हे पुरे, आठांना अपुरे. २००१ मध्ये अमेरिकेच्या मार्क ऑफ द युनिकॉर्न कंपनीने फायरवायरवर चालणारा ८२८ नावाचा इंटरफेस काढला आणि पुढची काही वर्षे जाणकार मंडळी फायरवायरशिवाय बोलत नसत. आज नव्या लॅपटॉपला फायरवायरचे भोकच नसते. दरम्यान दुसरी यूएसबी आली, तिची गाडी मिलिसेकंदात आठ वेळा सुटते, आणि बहुतेकांचा प्रश्न मिटला. २०११ पासूनचे थंडरबोल्ट आणखी वेगवान खरे, पण शाळेच्या कामाला त्याची चैन नको. जुन्या बाजारात स्वस्त मिळतो म्हणून फायरवायरचा इंटरफेस घेऊ नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

मग किती उशीर चालेल? स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस शेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला. दोन माणसे दोन खोल्यांत बसवली, हेडफोनवरून एकमेकांना ऐकत एका ठेक्यात टाळ्या वाजवायला सांगितले आणि मध्ये उशीर कमी-जास्त केला. उशीर वाढला तशी लय मंदावत गेली. आमच्या प्रार्थनेचे कोडे येथे सुटते. पण उशीर फारच कमी केल्यावर लय उलट वाढू लागली! लय जागच्या जागी राहिली ती सुमारे ११.५ मिलिसेकंदांना. हवेतल्या अंतरात हे चार मीटर होतात. समोरासमोर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांत असते, त्याहून फार वेगळे हे अंतर नाही.

आपल्या तबल्यावर हाच हिशेब मांडला तर आकडा आणखी बोलका होतो. मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल घेतला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची आणि चौपटीतला एकेक बोल ६२ मिलिसेकंदांचा. पुस्तकातले ०.१ सेकंद येथे चालवून घेतले तर वादक दीड बोलाने मागे पडला.

आता आमच्या लॅपटॉपची गोष्ट. हेडफोनची एक वाटी माइकवर पालथी घातली. ऑडॅसिटी या मोफत कार्यक्रमात एका पट्ट्यावर टिकटिक भरली आणि ती वाजत असताना दुसऱ्या पट्ट्यावर मुद्रण केले. (या कार्यक्रमात १३० मिलिसेकंदांची भरपाई आधीच वजा करून ठेवलेली असते. ती मांडणीत शून्य केल्याशिवाय मोजू नये. माझे पहिले दोन प्रयत्न त्यात वाया गेले.) मूळ टिकटिक आणि मुद्रित टिकटिक यांतले नमुने मोजले. ६,२०० आले. ४४,१०० ने भागा: १४० मिलिसेकंद. आमचा ठेका मिनिटाला १६० मात्रांचा होता, म्हणजे मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. मुलीला स्वतःचा आवाज एक तृतीयांश मात्रेहून जास्त उशिरा ऐकू येत होता. लीच्या २०० च्या फार दूर नाही हे. अशा स्थितीत ती गातच होती, याचेच खरे तर कौतुक व्हायला हवे होते.

पैसे खर्च न करताही तिची सोय होण्यासारखी होती. एका कानावरचा हेडफोन सरकवायचा, लॅपटॉपमधून येणारा तिचा आवाज बंद करायचा आणि उघड्या कानाने हवेतला आवाज ऐकायचा. जुने गायक हेच करतात. मुद्रणातला १४० मिलिसेकंदांचा उशीर मागाहून सरकवून काढता येतो. आम्हाला सुचले नाही.

तरी इंटरफेस घ्यावाच लागला, कारण मुलांना संगणकाला जोडायची पट्टीपेटी वाजवायची होती. येथे आवाज संगणकातच जन्मतो, त्यामुळे हेडफोन सरकवून भागत नाही. दुकानदाराने १९२ किलोहर्ट्झचा आकडा पुन्हा पुन्हा दाखवला. नमुने जलद घेतले तर तेवढ्याच नमुन्यांचे पिंप लवकर भरते हे खरे, पण संगणकाचे कामही त्याच प्रमाणात वाढते आणि मग पिंप मोठे करावे लागते. मी विचारले ते निराळेच. कंपनीचा स्वतःचा एएसआयओ चालक-कार्यक्रम आहे का, की विंडोजच्याच सर्वसाधारण चालकावर भागवले आहे? आपल्या विंडोजच्या आवृत्तीवर तो चालतो का? माइकचा आवाज लॅपटॉपकडे न जाता पेटीतूनच थेट हेडफोनला देणारे बटण आहे का? हे बटण म्हणजे १९५७ सालच्या अँपेक्सचीच कल्पना, आणि शाळेत केवळ गाणे मुद्रित करायचे असेल तर बाकी सर्व वैशिष्ट्यांपेक्षा तेच उपयोगी. टाइप-सी भोकाने फसू नये. तो नुसता आकार आहे, आतली यूएसबी कोणती हे त्यावरून कळत नाही. डब्यावर 'शून्य उशीर' असे छापलेले असते ते त्या थेट बटणाबद्दल असते, संगणकातून फिरून येणाऱ्या आवाजाबद्दल नव्हे.

आम्ही दोन माइकांचा, दुसऱ्या यूएसबीचा साधा इंटरफेस घेतला. पिंप १२८ नमुन्यांचे ठेवले. सुरुवातीला 'टक् टक्' येत होते. वाय-फाय बंद केल्यावर आणि लॅपटॉपची वीज-बचत काढल्यावर थांबले. ऑडॅसिटीसारखे मुक्त कार्यक्रम परवान्याच्या अडचणीमुळे वर्षानुवर्षे एएसआयओशिवाय येत आले, म्हणून मुद्रणासाठी दुसरा कार्यक्रम घ्यावा लागला. मग इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या भोकातून आत येणाऱ्या भोकात एक वायर लावली आणि तीच टिकटिक पुन्हा मोजली. ४३० नमुने, म्हणजे दहा मिलिसेकंदांहून थोडे कमी.

मुलगी आता दहावीत आहे. तिने त्या दिवशी पहिल्याच खेपेला गाणे पुरे केले, मात्र स्पर्धेची मुदत केव्हाच उलटून गेली होती. ती वायर संगणक-खोलीत खिळ्याला टांगलेली असते. कोणी लयीत चुकले की संगीताच्या बाई हल्ली आधी तिच्याकडे बोट दाखवतात.